अंगदसाठी सहावी जोड

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
५ जानेवारी २०२५

चि. तनुजा,
सप्रेम जयभीम.

या दोन हातांनी आजवर तयार झालेला माल असा: ठोशांच्या सहा पिशव्या, ट्रकच्या ताडपत्रीच्या, आत शहागंजातल्या शिंप्यांकडची कातरण. (वाळू भरणारे अडाणी. मनगटं जातात.) सायकलच्या हबवर फिरणारा एक बॉल. राउंडची घंटा, म्हणजे शाळेच्या भंगारातला टोल आणि त्याला कंपनीतल्या मोडीत निघालेल्या टायमरचा हातोडा. लाइट गेली तरच चुकते. डोक्याला बांधायची चार चामडी टोपणं, त्यातलं एक माझ्याच डोक्याचं माप घेऊन केलेलं आणि मलाच न बसणारं. बॉक्सिंगची वीस बाय वीसची रिंग, चारही कोपरे गुण्यात, म्हणजे नेमके काटकोनात, दोन्ही कर्ण मोजून पाहिलेले, एका सुताचा फरक नाही. आणि अंगद. तो सबंध माझ्या हातचा आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या आईवडिलांचाही थोडा वाटा आहे.

ही यादी देण्याचं कारण, तू परवा फोनवर म्हणालीस, "काका, अंगदला आता जरा खरी जोड द्या." म्हणजे आधीच्या पाच खोट्या होत्या. मी फोन ठेवला, कारण असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात. मोबाईलवर लिहिलं तर माणूस नुसता अंगठा दाखवतो आणि त्याला उत्तर समजतो. तेव्हा जे काय असेल ते कागदावर येऊ दे.

तुझा बाप राजकुमार, चुलत का होईना माझा भाऊच, मला म्हणाला, पोरीला म्हटलं कुणाची लग्नं जमव, तर ती पुण्यात बसून मारामाऱ्या जमवते आणि त्याचा पगार घेते. मी त्याला सांगितलं, मारामारी करायला तिला पहिल्यांदा माझ्याच शेडमध्ये शिकवलंय. तेव्हा तुझ्या धंद्यातलं मला थोडंफार कळतं असं समज.

माझा नियम लेथवरचा आहे. एका वेळी अर्ध्या सुताचा काप. हावरटानं जास्त घेतला की हत्यारही मोडतं आणि जॉबही वाया जातो. अंगद एकोणीस वर्षांचा आहे. अजिंठ्याकडच्या माळावर मेंढरं वळणारं पोर, कॉलेजच्या निमित्तानं शहरात आलं आणि चुकून माझ्या दारात उभं राहिलं. पाच लढती, पाच विजय. सहावी जोड पाचवीसारखीच, फक्त हातानं थोडी लांब. सातवी डावखुरी, पण थकलेली. आठवी डावखुरी आणि न थकलेली. या हिशेबानं तू म्हणतेस ती खरी जोड २०२९ च्या दिवाळीच्या आसपास येते. मला घाई नाही.

तुझा,
कडुबाकाका

•

पुणे
२० जानेवारी २०२५

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. पोस्टाचं पाकीट कुठं मिळतं हे आमच्या ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळं उशीर.

मी अंगदच्या तुमच्या शेडमधल्या पाचही लढतींचे व्हिडिओ पुन्हा पाहिले. पहिला गडी कुठल्या तरी एटीएमवर पहारा करून तसाच आलेला, तो तिसऱ्या राउंडला स्टुलावरच झोपला. दुसऱ्याचं वय तुमच्याएवढं वाटतं. तिसऱ्याच्या अंगाला हळद लागलेली होती, काका. व्हिडिओत अंगदचे ग्लोव्ह्ज शेवटी पिवळे झालेले दिसतात. चौथ्यानं मधेच हात वर केले, कारण त्याची सिल्लोडची बस होती. पाचवा बरा होता. तुम्ही पाचव्यासारखाच सहावा म्हणताय, म्हणजे तुम्हालाही ते माहीत आहे.

सारखं हलकंच समोर उभं केलं की पोराला स्वतःचं वजन कळत नाही. आणि २०२९ ला तो तेवीसचा होईल, तोवर त्याचा हात कुणी विचारणार नाही.

पण एक गोष्ट मला त्या व्हिडिओत दिसली आणि ती मी इथल्या जाणत्या लोकांना दाखवली. अंगद समोरच्याला पळूच देत नाही. दोन पावलं, की माणूस कोपऱ्यात. इथं पाच-पाच वर्षं घालवूनही पोरांना ते जमत नाही. सगळ्यांनी एकच विचारलं, याला शिकवलं कुणी? मी म्हटलं, आमच्या काकांनी.

एप्रिलमध्ये सहा राउंडच्या लढतीसाठी माझ्याकडे दोन नावं आहेत. एक साताऱ्याचा पोरगा, उभा राहून मारणारा, चार जिंकलेला, एक हरलेला. दुसरा नागपूरचा सत्यम. नऊ जिंकलाय, हरलेला नाही. टोचतो आणि पळतो. दोन वर्षांत कुणाच्या हाताला लागलेला नाही. तुम्ही साताऱ्याचा घ्या. ती पायरी आहे. सत्यम म्हणजे जिनाच गाळणं.

तुमची,
तनुजा

•

गारखेडा
३ फेब्रुवारी २०२५

चि. तनुजा,
सप्रेम जयभीम.

"याला शिकवलं कुणी" हे वाक्य मी तुझ्या काकूला वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, पुढं काय लिहिलंय? मी म्हणालो, पुढं विशेष काही नाही. मग कंपनीत दोघा-तिघांना सहज दाखवलं. सहज म्हणजे पत्र डब्याच्या पिशवीत होतंच.

आता कामाचं. साताऱ्याचा नको. उभं राहून मारणाऱ्यापुढं अंगदच्या खऱ्या कलेचं काय? सत्यम घेऊ. तूच लिहितेस की तो पळतो, आणि तूच लिहितेस की अंगद कुणाला पळू देत नाही. मग जोड जमली की. कुलपाला किल्ली सापडल्यावर कुलूप मोठं आहे म्हणून कुणी घाबरत नाही. २०२९ चा हिशेब मी जरा जपून धरला होता असं आता वाटतं. उत्तम कारागीर आपला हिशेब तपासून घेतो. मी तपासला.

गेल्या आठवड्यात अंगदची आई वच्छलाबाई आली होती. पोराला लागेल का, एवढंच विचारत होती. मी तिला समजावलं की पळणाऱ्याच्या ठोशाला वजन नसतं. मग ती बराच वेळ आमची रिंग बघत उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमची वाघूर याच्याहून ऐसपैस असती." वाघूर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. मी तिला नम्रपणे सांगितलं की बाई, हे आंतरराष्ट्रीय माप आहे, जगात कुठंही जा, एवढंच. ती म्हणाली, "व्हय का," आणि अंगदला चार भाकरी देऊन गेली.

एप्रिलची तारीख कळव. पाहुण्यांच्या रांगेत माझी खुर्ची दोरीजवळ असावी.

तुझा,
कडुबाकाका

•

पुणे
२१ एप्रिल २०२५

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

लढत होऊन आठवडा झाला. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून आता पाकिटांचा गठ्ठाच आणून ठेवलाय.

अंगद सहाच्या सहा राउंड हरला हे तुम्ही पाहिलंच. पण तुम्ही सारखे घड्याळ बघत होता, म्हणून मला जे दिसलं ते लिहिते. तो पहिल्यासारखीच दोन पावलं टाकायचा आणि ठोसा सोडायचा, आणि सत्यम तिथं नसायचा. अजून दोन पावलं पलीकडं असायचा. मग अंगद त्याच्या मागं मागं सरळ चालायचा, ओळखीचा माणूस बाजारात दिसल्यासारखा. आणि तिसऱ्या राउंडला तो श्वास घ्यायला दोरीला टेकायला म्हणून मागं रेलला आणि दोरी आलीच नाही. तो सरळ खाली बसला. सत्यमनं हातही लावला नव्हता. पंचांनी आठपर्यंत मोजलं तेव्हा अंगद त्या दोरीकडं असा बघत होता, जसं काही तिनं शब्द फिरवला.

निकालानंतर तुम्ही खिशातून टेप काढून रिंगवर चढलात. सगळे हसले, मीही हसले, रागावू नका. मला वाटलं, आता काका तक्रार करणार. तुम्ही एका दोरीपासून समोरच्या दोरीपर्यंत मोजलंत. वीस फूट. पुन्हा मोजलंत. मग टेप गुंडाळलीत, आणि तुमचा चेहरा बघून मी पाणी आणायला गेले. परत आले तर तुम्ही एसटी स्टँडवर. काका, तुम्ही काय मोजलंत?

दुसरं. अंगदनं मला फोन केला होता. म्हणाला, माझे पाय जड आहेत हे मला आता कळलं, सरांनी उगीच एवढी वर्षं घातली, मी गावाकडं जातो आणि परत येत नाही. काकांना सांगू नका असं त्यानं शपथ घालून सांगितलंय, म्हणून सांगत नाही, लिहून कळवते.

आणि माझंही एक. "शिकवलं कुणी" असं विचारलं होतं एका माणसानं. "सगळ्यांनी" हे मी घातलं. तुम्ही साताऱ्याच्या पोराला हो म्हणावं म्हणून थोडं तूप जास्त वाढलं. तुम्ही थेट नागपूरवर उडी घ्याल असं वाटलं नव्हतं.

तुमची,
तनुजा

•

गारखेडा
६ मे २०२५

चि. तनुजा,
सप्रेम जयभीम.

मी काय मोजलं ते लिहितो. हे पत्र राजकुमारला दाखवू नकोस.

पुण्याहून आलो तो घरी न जाता शेडमध्ये गेलो आणि माझी रिंग मोजली. चौथऱ्याची कड ते कड, वीस फूट. एका सुताचा फरक नाही, म्हणालो होतो ना. पण चारही बाजूंनी दोन-दोन फूट काठ सोडून मी खांब आत रोवलेत. दोरी ते दोरी, सोळा फूट. वीस फूट दोरीच्या आत हवे होते.

हे कसं झालं? मी एका परदेशी मासिकातून माप घेतलं. इंग्रजी वाक्य सोडून द्यायचं आणि आकडा धरायचा, ही माझी स्वतःहून शिकण्याची पद्धत आहे आणि ती मी आजवर अनेकांना अभिमानानं सांगितली आहे. आणि तनुजा, मी टूलरूममध्ये फिटर आहे. नवीन पोरं पाइपचं बाहेरचं माप घेऊन आतल्या मापाचा तुकडा कापतात तेव्हा मी त्यांना सगळ्या लायनीसमोर उभं करून विचारतो, आयडी कुठला आणि ओडी कुठला, बापानं शिकवलं नाही का? आतलं आणि बाहेरचं. आख्खी रिंग मी ओडीवर बांधली. गुण्यात.

तेव्हा अंगद कुणाला पळू देत नव्हता तो असा. हळदीचा नवरदेव असो नाही तर पहारेकरी, त्या बिचाऱ्यांना जायला जागाच नव्हती. ज्या कलेची तू तारीफ केलीस ती माझ्या लोखंडाची होती.

अंगद गावाला गेलाय हे मला तुझ्या पत्राच्या आधीच कळलं होतं. खरं सांगायचं तर गप्प बसावं असंच वाटत होतं. पोरगं पायांना दोष देतंय, देऊ द्यावा; पायांनी काही कुणाला सांगितलं नसतं. तुझ्या काकूला हे बोललो. तिनं फक्त माझा डबा भरून दिला. सुट्टीच्या दिवशी. मग मी बस धरली.

तो माळावर होता. मी काय काय जुळवून गेलो होतो, लोखंडाचं प्रसरण वगैरे. शेवटी सरळ सांगितलं, "अंगद, रिंग लहान आहे. चूक माझी." त्यानं विचारलं, "किती लहान?" मी सांगितलं. एवढ्यात एक कोकरू कळपातून फुटलं आणि ओढ्याकडं सुटलं. अंगद उठला. मला वाटलं मागं धावेल. तो त्याच्या मागं गेलाच नाही, तिरका गेला, निवांत, कोकरू जिथं पोचणार होतं तिथं. ते डावीकडं वळलं तर हा आधीच डावीकडं. चार वेळा त्याची वाट कापली आणि शेवटी ते आपणहून त्याच्या हातात आलं. धापही लागली नव्हती.

मी विचारलं, "हे रिंगमध्ये का करत नाहीस?"

तो म्हणाला, "सर, तिथं गरजच नाय पडली कधी."

मी तिथंच दगडावर बसलो. जे पोराच्या पायांत आधीच होतं ते मी तीन वर्षं राबून काढून टाकलं, आणि वर त्याची यादीत नोंद केली.

परतताना त्यानं बसपर्यंत सोडलं. म्हणाला, "वीस फुटांची झाली की सांगा. येतो." वच्छलाबाईनं एक शब्द काढला नाही. वाघुरीचासुद्धा नाही. तिनं काढला असता तर बरं झालं असतं.

तुझा,
कडुबाकाका

•

पुणे
१९ मे २०२५

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पप्पांना दाखवलेलं नाही. नुसतं वाचून दाखवलं.

आता एक निरोप. तो पोचवणं माझी नोकरी आहे. इथल्या काही आयोजक मंडळींनी अंगदचे जुने व्हिडिओ पाहिले. त्यांना सत्यमची लढत आवडली नाही, जुन्या आवडल्या. त्यांचं म्हणणं, एवढ्याशा जागेत सतत ठोसे बसतात, लोक मोबाईलवरून बोट हलवत नाहीत. सोळा फुटी रिंग व्यावसायिक लढतीत चालते, नियमात काठावर का होईना बसते. म्हणून त्यांना तुमचीच रिंग हवी आहे, तुमच्याच शेडमध्ये, आहे तशी. आणि त्यात अंगद. समोरचे गडी ते निवडतील, हलके. रेकॉर्ड वाढलं की मग त्याला मोठ्या नावापुढं एकदाच उभं करायचं, त्या मोठ्या नावाच्या शहरात, त्याच्या वीस फुटी रिंगमध्ये.

म्हणजे काय ते तुम्हाला कळतं. आकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत घातलाय, म्हणजे आधी हे पत्र वाचाल. माझं मत विचारू नका, मला ते लिहायला मनाई आहे. पाकीट मात्र मी दोन दिवस पर्समध्येच ठेवलं होतं.

तुमची,
तनुजा

•

गारखेडा
८ जून २०२५

चि. तनुजा,
सप्रेम जयभीम.

चिठ्ठी मी आधी वाचली. तुला माझा अंदाज अजून आलेला नाही.

तुझं पाकीट आलं तेव्हा गॅस कटर पेटलेला होता आणि चारपैकी दोन खांब कापून झाले होते. ते परत वेल्ड करायला एक दुपार लागली असती. हे मी लपवत नाही, कारण मी कटर बंद करून नळीवर पाय ठेवून बराच वेळ त्याच दुपारचा विचार करत होतो. त्या आकड्यात शेडचे पत्रे बदलतात. मनगटाला न लागणाऱ्या विकतच्या पिशव्या येतात. आणि गल्लीत माझी चूक चूक राहत नाही, शोध होतो. कडुबानं मुद्दाम लहान केली, म्हणे, पुण्याहून माणसं बघायला येतात. मी ते वाक्य मनात दोनदा म्हणूनही पाहिलं. चांगलं बसत होतं.

मग अंगदला फोन लावला आणि सगळं सांगितलं, ते शेवटचं मोठं नावसुद्धा. पैसा त्याच्याही घरात जाणार होता. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, सर." इतकी वर्षं मी त्याच्याकडून हेच वाक्य घोटून घेतलंय, आणि त्या दिवशी ते नको वाटलं. मी म्हणालो, मी म्हणेन ते सोड, तुझं सांग. त्याच्या मागं मेंढरांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "सर, मला त्या सत्यमला धरायचंय. त्या दोरीपायी खाली बसल्याचं लई लागलंय मला."

मी कटर पुन्हा पेटवला.

नवीन माप दोरी ते दोरी वीस फूट, आतून. तिघांकडून वेगवेगळं मोजून घेतलं, त्यात एक तुझी काकू. मग कळलं की एवढी रिंग बाहेरच्या काठासकट शेडमध्ये मावत नाही. मागची भिंत पाडावी लागली. ती भिंत मीच बांधलेली, आणि तिच्या पलीकडं तुझ्या काकूची धुण्याची जागा. आता एक कोपरा तिथं आलाय. अंगद त्या कोपऱ्यात असताना कपडे भिजवायचे नाहीत असं ठरलंय. ती पाळते, पण रविवारी नाही. घंटेला बॅटरी लावली आहे. सध्या ती लाइट असतानाही चुकते.

अंगद गेल्या सोमवारी आला. रिकाम्या रिंगमध्ये त्याला मी नुसतं चालायला लावलं, तिरकं. मी पळणारा झालो. त्रेपन्नाव्या वर्षी मी कोकरू आहे, हे वाक्य तू कुणाला वाचून दाखवणार नाहीस. त्यानं मला चार वेळा धरलं आणि पाचव्यांदा मीच दोरीला टेकून बसलो. दोरी होती.

जोडीचं माझं म्हणणं आता असं. साताऱ्याचा पोरगा दे, सप्टेंबरात, तुमच्या पुण्याच्या रिंगमध्ये. त्यानंतर असा एक दे जो थोडा पळतो आणि थोडा मारतो. तू निवड, मी मापं घेणार नाही. त्यानंतर सत्यम, त्याची तयारी असेल तर. दरम्यान कुठं हरला तर हरेल. २०२९ वगैरे मी रद्द केलंय, आणि उडीही रद्द. दोन पायऱ्या आणि मग दार. एवढं तुझं पहिल्या पत्रातलंच होतं. मी तेव्हा फक्त तूप वाचलं.

वच्छलाबाई परवा नवी रिंग बघायला आली. चारी बाजूंनी फिरली, मधोमध उभी राहिली. मी विचारलं, आता वाघुरीएवढी झाली का? म्हणाली, "वाघूर काय, मेंढरं वाढली की वाढवाया येती, सर. तुमची बरी वाढली." मग भाकरी काढल्या. या वेळी मलाही दोन.

आता तुझ्या मंडळींना उत्तर. ते शब्दाला शब्द कळव, कारण नंतर राजकुमार म्हणेल, आकडा किरकोळ होता म्हणून कडुबानं सोडलं. बारा लढती, सगळ्या माझ्या सोळा फुटी रिंगमध्ये, समोरचे गडी त्यांनी निवडलेले, तेराव्याला मोठं नाव, आणि शेड तीन वर्षांसाठी त्यांची. मी नको म्हणालो. नऊ लाख रुपयांना.